कार्डावर दिसणारा जुगार आणि न दिसणारा

‘कुटुंबांचा कार्डावरचा खर्च वाढला, जुगारावरचा खर्च त्याहून वेगाने वाढला’ अशा धर्तीच्या बातम्या अलीकडे वरचेवर येतात. कधी एखादी बँक आपल्या खातेदारांचे आकडे जाहीर करते, कधी सरकारी सांख्यिकी खाते. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी ब्युरोने २०२२ मध्ये बँकांकडच्या कार्ड व्यवहारांवरून दरमहा कौटुंबिक खर्चाचा निर्देशक काढायला सुरुवात केली. २०२५ मध्ये किरकोळ विक्रीची जुनी मासिक पाहणी थांबवून त्याच निर्देशकाला तिची जागा दिली. विचारत बसण्यापेक्षा कार्ड वाचावे, असा हा बदल आहे.

जुगाराच्या बाबतीत तो समजण्यासारखा आहे. घरोघर जाऊन ‘गेल्या महिन्यात जुगारावर किती खर्च केलात?’ असे विचारले तर उत्तरे खऱ्या आकड्याच्या खूप खाली येतात. दारू आणि तंबाखूचेही तसेच. काही जण लपवतात. बऱ्याच जणांना खरोखरच आठवत नाही, कारण जिंकलेले लक्षात राहते आणि हरलेले विरते. कार्ड काही विसरत नाही.

पण ते सगळे पाहतेही असे नाही. त्याला काय दिसते आणि काय नाही, हे कळल्याशिवाय टक्केवारीच्या बातमीतून काहीच हाती लागत नाही.

चार आकड्यांचा शिक्का

कार्डाने पैसे दिले की बँकेकडे रक्कम, वेळ आणि दुकानाचे नाव जाते. सोबत एक चार आकडी क्रमांकही जातो. त्याला व्यापारी वर्ग क्रमांक म्हणतात. आपण त्याला नुसते ‘कोड’ म्हणू. दुकान कोणत्या प्रकारचे आहे, हे तो सांगतो. ५४११ म्हणजे किराणा आणि सुपरमार्केट, ५५४१ म्हणजे पेट्रोल पंप, ६०११ म्हणजे एटीएममधून काढलेली रोकड. ७९९५ म्हणजे पैजा, कॅसिनोच्या चकत्या, लॉटरीची तिकिटे, घोड्यांच्या शर्यती. काही सरकारी लॉटऱ्यांसाठी वेगळे क्रमांक आहेत, पण जुगाराचा मुख्य शिक्का ७९९५ हाच.

हा कोड ग्राहकाची बँक ठरवत नाही. दुकानदाराला कार्ड स्वीकारण्याची सोय देणारी बँक त्याला जोडून घेताना तो ठरवते, आणि तो वस्तूला नसतो, दुकानाला असतो. पेट्रोल पंपावर इंधनासोबत लॉटरीचे तिकीट घेतले तर सगळी रक्कम ५५४१ खाली जाते. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर घेतलेले तिकीट किराण्यात मिसळते. डब्यावर ‘साखर’ लिहिले आहे म्हणून आत साखरच असेल असे नाही. चिठ्ठी डबा भरण्याआधी चिकटवलेली असते.

मुद्दाम चुकीची चिठ्ठी लावणारेही असतात. परवाना नसलेली जुगाराची संकेतस्थळे कधी फुलांचे दुकान, कधी सॉफ्टवेअर कंपनी अशा नावाने कार्डाचे पैसे घेतात. बँकांच्या भाषेत याला व्यवहारांची धुलाई म्हणतात. स्टेटमेंटवर एखाद्या अनोळखी ‘ऑनलाइन सेवे’ला लागोपाठ गोल रकमा गेलेल्या दिसल्या तर शंका घ्यायला जागा आहे. फुले कुणी मध्यरात्री दहा-दहा मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक वेळी नेमक्या पाचशेची घेत नाही.

भरणा, पैज आणि तोटा

बातम्यांमधला सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. ‘जुगारावरचा खर्च’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या रकमा लपलेल्या असतात.

भरणा म्हणजे कार्डावरून जुगाराच्या खात्यात टाकलेले पैसे. पैजेची उलाढाल म्हणजे त्या पैशांतून लावलेल्या सगळ्या डावांची बेरीज. तोटा म्हणजे शेवटी खरोखर गेलेले पैसे. कार्डाला दिसतो तो फक्त भरणा.

या तिन्हींत अंतर किती असू शकते? युरोपीय पद्धतीच्या रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात: १ ते ३६ आणि एक शून्य. आकडा लागला तर लावलेले परत मिळतात आणि वर त्याच्या ३५ पट, प्रत्यक्षात संधी ३७ मध्ये एक. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० मागे चालकाकडे सरासरी २.७० राहतात. कुणी १,००० भरले आणि जिंकलेले पुन्हा लावत, सगळे संपेपर्यंत खेळत राहिला, तर सरासरीने त्याच्या एकूण पैजा ३७,००० च्या होतात. म्हणजे भरणा १,०००, उलाढाल ३७,००० आणि तोटा १,०००. तोच माणूस ६०० उरले असताना थांबला आणि ते परत घेतले, तर भरणा १,००० च राहतो, तोटा मात्र ४००.

आता दोन बातम्या शेजारी ठेवा. एकीत उलाढालीचा आकडा आहे, दुसरीत कार्डाचा. पहिली भयंकर वाटते, दुसरी सौम्य. प्रसंग मात्र एकच.

परत आलेले पैसे कार्डाच्या आकड्यांत वजा होतात का? नेहमी नाही. जिंकलेली रक्कम कधी कार्डावर वेगळ्या प्रकारची जमा म्हणून येते, कधी थेट बँक खात्यात, कधी ऑनलाइन वॉलेटमध्ये पडून राहते. खर्च मोजणारा बहुतेक वेळा फक्त बाहेर गेलेले व्यवहार बेरजेला घेतो. राष्ट्रीय हिशेबाची रीत नेमकी उलटी: तिथे जुगारावरचा घरगुती खर्च म्हणजे लावलेले पैसे वजा विजेत्यांना परत मिळालेले पैसे, म्हणजेच चालकाने घेतलेला सेवेचा मोबदला. त्यामुळे कार्डाचा आकडा आणि सरकारी हिशेबातला आकडा जुळत नाहीत म्हणून कुणी लपवाछपवी करत आहे, असा निष्कर्ष काढू नये. एकाने माप भरताना मोजले, दुसऱ्याने ओतल्यावर.

रोख: झाकली मूठ

ऑस्ट्रेलियात २०२२-२३ या वर्षात लोक कायदेशीर जुगारात सुमारे ३,१५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर हरले. त्यातला जवळपास निम्मा वाटा पब आणि क्लबांमधल्या नाण्या-नोटांच्या यंत्रांचा, ज्यांना तिथे ‘पोकी’ म्हणतात. ही यंत्रे प्रामुख्याने रोकडीवर चालतात. म्हणजे जुगारातल्या हानीसाठी जगात सगळ्यात बदनाम असलेल्या प्रकारांपैकी एक कार्डाच्या नजरेला ७९९५ म्हणून दिसतच नाही. दिसते ते ६०११: एटीएममधून काढलेली रोकड. ती यंत्रात गेली की भाजीला, कार्डाला पत्ता नाही.

तरी माग पूर्ण पुसला जात नाही. एकाच ठिकाणच्या एटीएममधून एका संध्याकाळी तीन-चार वेळा, दर वेळी थोडी थोडी रक्कम काढली गेली असेल, तर ती बाजारहाटाची पद्धत नव्हे. ‘एवढेच काढतो’ असे ठरवून आलेला माणूस पुन्हा एटीएमकडे वळतो तेव्हा अशी रांग तयार होते. व्हिक्टोरिया राज्याने २०१२ मध्ये जुगाराची यंत्रे असलेल्या जागांमधून एटीएम हटवले, ते याच सवयीत अडथळा आणण्यासाठी. चालत बाहेर जाऊन रोकड आणावी लागली की मधल्या पाच मिनिटांत काहींचा विचार बदलतो.

कार्डाच्या आकड्यांवरून काळाची तुलना करताना याच कारणाने फसगत होते. २३ मार्च २०२० ला साथीमुळे ऑस्ट्रेलियातले पब, क्लब आणि कॅसिनो बंद झाले. तिथला रोकडीचा जुगार एका दिवसात थांबला आणि त्यातले काही पैसे ऑनलाइन पैजांकडे, म्हणजे कार्डाकडे वळले. फक्त कार्ड पाहणाऱ्याला ‘जुगार वाढला’ असे दिसले असते. वाढले होते ते त्याचे दिसणे. लोक रोकड कमी वापरू लागले की हीच गोष्ट संथपणे, वर्षानुवर्षे घडत राहते. म्हणून दहा वर्षांचा चढता आलेख दाखवणाऱ्याला आधी विचारावे, की या दहा वर्षांत रोकडीचे काय झाले?

ऋतूही असतात. मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी होते, ब्रिटनची ग्रँड नॅशनल एप्रिलमध्ये. एरवी वर्षभर पैज न लावणारेही त्या दिवशी लावतात. ऑक्टोबरची नोव्हेंबरशी तुलना करून ‘उसळी’ शोधणे म्हणजे सणाच्या आठवड्यातल्या मिठाईवरून वर्षाच्या साखरेचा अंदाज बांधणे. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी हवी.

सरासरी कुणाचीच नसते

एक काल्पनिक हिशेब मांडू. १,००० कार्डधारक आहेत. ७०० जण जुगारावर काहीच खर्च करत नाहीत. २०० जण महिन्याला २० खर्च करतात, ८० जण २००, आणि २० जण ४,०००. एकूण झाले १,००,०००. दर माणशी सरासरी १००, पण १०० खर्च करणारा माणूस या हजारांत एकही नाही. एकूण रकमेचे ८० टक्के फक्त २० जणांकडून आले आहेत.

पुढच्या वर्षी २० खर्च करणाऱ्या २०० पैकी १०० जणांनी जुगार सोडला आणि वरच्या २० जणांचा खर्च ४,००० वरून ४,६०० वर गेला. नवी बेरीज १,१०,०००. बातमी येईल: ‘जुगारावरचा खर्च १० टक्क्यांनी वाढला’. वाचणाऱ्याला वाटेल, लोक मोठ्या संख्येने जुगाराकडे वळत आहेत. प्रत्यक्षात खेळणारे ३०० वरून २०० वर आले आहेत आणि वीस घरांमध्ये आग अधिक पसरली आहे.

आकडे मी सोयीचे घेतले, पण आकार खरा आहे. जुगाराचा खर्च जगभर असाच थोड्यांच्या डोक्यावर साचलेला आढळतो. म्हणून एकूण रक्कम किंवा सरासरी एवढेच सांगणारी बातमी अर्धीच असते. किती जणांनी खर्च केला, खर्चाच्या क्रमाने रांग लावल्यास नेमक्या मधल्या माणसाचा खर्च किती आणि वरच्या एक टक्क्याचा किती, हे तीन आकडे सोबत हवेत. ते असूनही दिले नाहीत, तर तो आळस समजावा. जाहीर करणाऱ्याचा स्वार्थ असेल तर आणखी काही.

मग कार्ड खरे बोलते कुठे?

‘किती’ या प्रश्नावर कार्ड अडखळते. ‘कधी’, ‘कसे’ आणि ‘कशाच्या बदल्यात’ या प्रश्नांवर मात्र त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी एका मोठ्या बँकसमूहाच्या ६५ लाखांपर्यंत खातेदारांचे, ओळख पुसलेले, सात वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुगारावरचा खर्च जितका जास्त, तितके गृहकर्जाचा हप्ता चुकण्याचे आणि पुढच्या पगारापर्यंतच्या महागड्या अल्पमुदतीच्या कर्जाकडे वळण्याचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले. जास्त खेळणाऱ्यांचे व्यवहार रात्री-अपरात्री अधिक होते, छंदांवरचा खर्च कमी होता. जुगाराच्या सर्वांत वरच्या पातळीचा संबंध मृत्यूच्या प्रमाणातल्या ३७ टक्के वाढीशी आढळला.

इथे हात राखून बोलले पाहिजे. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. नोकरी गेल्यामुळे कुणी जुगाराकडे वळला असेल, हप्ताही त्यामुळेच चुकला असेल. कारण आणि योगायोग वेगळे करायला एखादा असा प्रसंग लागतो, जिथे जुगाराची वाट खातेदाराच्या मर्जीने नव्हे, बाहेरून उघडली.

अमेरिकेत तसा प्रसंग मिळाला. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरच्या पैजा खुल्या करण्यापासून रोखणारा संघीय कायदा रद्द केला. मग राज्यांनी वेगवेगळ्या तारखांना दारे उघडली, काहींनी उघडलीच नाहीत. आधी आणि नंतर, उघडलेली आणि न उघडलेली, अशी तुलना त्यामुळे शक्य झाली. घरांच्या बँक आणि कार्ड व्यवहारांवर केलेल्या २०२४ च्या एका अभ्यासात असे दिसले, की पैजांचे पैसे दुसऱ्या कुठल्या करमणुकीतून वळलेले नव्हते. शेअर आणि तत्सम गुंतवणुकीकडे जाणारे पैसे घटले होते. आधीच ओढाताण असलेल्या घरांत क्रेडिट कार्डाची थकबाकीही वाढली होती.

‘सिनेमालाही पैसे जातातच की!’

जातात, आणि बहुतेकांच्या बाबतीत जुगाराचा खर्च तसाच असतो: ठरावीक, लहान, विसरून जाण्याजोगा. वरच्या हिशेबातले २० खर्च करणारे दोनशे जण याच प्रकारचे. त्यांच्यावर बोट रोखायचे कारण नाही.

पण दोन खर्चांच्या नोंदी शेजारी ठेवून बघा. सिनेमाचे तिकीट एका संध्याकाळी एकदा निघते. चित्रपट आवडला नाही म्हणून कुणी पैसे ‘वसूल’ करायला लगेच दुसरे, त्याहून महाग तिकीट काढत नाही. जुगारात तेच होते. गेलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा, वाढत्या रकमेने खेळणे कार्डाच्या नोंदीत उघड दिसते: रात्री ११:४० ला ५००, ११:५२ ला ५००, १२:०५ ला १,०००, १२:११ ला २,०००, १२:१३ ला २,००० ‘नाकारले, शिल्लक अपुरी’, १२:१४ ला १,०००. बेरीज ५,०००. ही रक्कम एखाद्याला परवडेलही. पण ही उतरंड परवडण्याबद्दल काही सांगत नाही, ती ताबा सुटल्याचे सांगते.

नाकारलेले व्यवहार खर्चाच्या आलेखात येत नाहीत, कारण पैसे गेलेच नाहीत. जाणकार माणूस मात्र स्टेटमेंटमध्ये, किंवा बँकेच्या ॲपमधल्या सूचनांमध्ये, ते आधी शोधतो.

क्रेडिट कार्ड बंद केले, पुढे?

उधारीच्या पैशाने जुगार खेळण्यात दुहेरी मार असतो. बऱ्याच बँका ७९९५ चा व्यवहार खरेदी न मानता रोख उचल मानतात. म्हणजे वेगळे शुल्क लागते आणि एरवी मिळणारी बिनव्याजी मुदत न मिळता पहिल्या दिवसापासून व्याज चढते. जिंकूनही तोटा होऊ शकतो, हे अनेकांना बिल आल्यावर कळते.

ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावरून जुगार खेळायला बंदी घातली. बंदीआधी तिथल्या नियामकाने सांगितले होते, की क्रेडिट कार्ड वापरणाऱ्या ऑनलाइन जुगाऱ्यांपैकी २२ टक्के जण समस्याग्रस्त जुगारी या वर्गात मोडतात. ऑस्ट्रेलियाने ऑनलाइन पैजांसाठी तशीच बंदी ११ जून २०२४ पासून आणली, लॉटरी वगळून.

‘मग लोक डेबिट कार्ड वापरतील’ हा आक्षेप खरा आहे, आणि बंदीचा हेतूही तोच होता: हरायचे तर जवळ असलेले हरा, नसलेले नको. पण आलेख वाचणाऱ्याने सावध राहावे. बंदीच्या महिन्यात क्रेडिट कार्डाची रेषा शून्याकडे कोसळते आणि डेबिटची वर चढते. दोन्ही एकत्र न केल्यास हवा तो निष्कर्ष काढता येतो. शिवाय काही जण क्रेडिट कार्डावरून एटीएमवर रोकड काढून, किंवा कर्ज आधी खात्यात घेऊन मग डेबिटने भरणा करतात. नोंदीत हे ‘कर्ज जमा’ आणि त्याच दिवशी ‘७९९५’ असे लागोपाठ दिसते. उधारी तीच, दार नवे.

बँकेचे कुलूप आणि त्याच्या फटी

जून २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या मोंझो आणि स्टार्लिंग या ॲपवरच्या बँकांनी जुगार बंद करण्याचे बटण दिले. नंतर मोठ्या बँकाही त्या वाटेने गेल्या. ते चालते कसे, हे आता सहज कळेल. व्यवहार मंजुरीला आला की बँक कोड बघते. तो जुगाराच्या यादीत असेल तर नकार. बटण पुन्हा उघडायचे तर ४८ किंवा ७२ तास थांबावे लागते, कारण खुमखुमी सहसा तितकी टिकत नाही. कुलपापेक्षा ही प्रतीक्षाच जास्त उपयोगाची आहे. लगेच उघडणारे कुलूप म्हणजे दाराला नुसती कडी.

फटी कोडपाशीच आहेत. बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवले तर त्याला हा कोड नसतो. आधी वॉलेट भरले आणि वॉलेटमधून जुगार खेळला तर बँकेला फक्त वॉलेट दिसू शकते. क्रिप्टो विकत घेऊन ते जुगाराकडे वळवले तर कोड वेगळाच लागतो. चुकीचा शिक्का लावलेली बेकायदा स्थळे सरळ आत येतात. आणि दुसऱ्या बँकेचे कार्ड तर मोकळेच असते. म्हणून कुलूप लावायचे तर सगळ्या कार्डांवर एका बैठकीत लावावे, आणि जोडीला चालकाच्या बाजूनेही दार बंद करावे. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून ‘बेटस्टॉप’ अशा नोंदवह्या आहेत. तिथे स्वतःचे नाव टाकले की परवानाधारक ऑनलाइन चालकांना त्या व्यक्तीला खेळू देता येत नाही. पहिले कुलूप पैशाला, दुसरे माणसाला.

‘म्हणजे बँक आमच्यावर नजर ठेवणार?’

प्रश्न रास्त आहे. आकडेवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या नोंदींतून नाव, पत्ता, कार्ड क्रमांक काढलेले असतात आणि आकडे मोठ्या गटांच्या बेरजेत येतात. तिथे एका माणसाचा जुगार दिसत नाही. पण तुमची स्वतःची बँक तुमचे व्यवहार पाहतेच, नाही तर स्टेटमेंट कसे छापले असते? काही देशांत गृहकर्ज देणारे मागच्या काही महिन्यांची स्टेटमेंटे मागतात आणि जुगाराच्या नोंदी दिसल्या की प्रश्न विचारतात.

खरी अडचण वेगळीच आहे: पूर्ण चित्र कुणाकडेच नसते. जुगाराच्या चालकाला फक्त आपल्याकडचा भरणा दिसतो. तोच माणूस आणखी चार ठिकाणी भरतो आहे, हे त्याला ठाऊक नसते. बँकेला पाचही चालक दिसतात, पण दुसऱ्या बँकेतले खाते दिसत नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ पासून, ३० दिवसांत १५० पौंडांहून अधिक निव्वळ भरणा झाला की चालकाने दिवाळखोरी, न्यायालयात गेलेली थकबाकी अशा सार्वजनिक नोंदी तपासायच्या असतात. ही मर्यादा प्रत्येक चालकाला वेगळी लागू होते. पाच ठिकाणी १४० पौंड भरणारा ७०० भरूनही कुठेच अडकत नाही.

घरातल्या माणसांचेही तसेच. खाते एकाचे, पगार दुसऱ्याचा, हप्ता तिसऱ्या खात्यातून. पूर्ण हिशेब मांडता येतो तो फक्त खेळणाऱ्यालाच.

तो हिशेब मांडायचा कसा

बँकेच्या संकेतस्थळावरून बारा महिन्यांचे स्टेटमेंट तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घ्या. तीन महिने पुरत नाहीत, कारण एका मोसमाचा खेळ किंवा एक मोठी जिंकलेली रक्कम चित्र बिघडवते. सगळी कार्डे, सगळी खाती आणि वॉलेटे घ्या. कोड बहुतेक स्टेटमेंटवर छापलेला नसतो, त्यामुळे नावांवरून खुणा कराव्या लागतील. चालकाच्या कंपनीचे नाव ॲपच्या नावापेक्षा वेगळे असते, म्हणून अनोळखी नावे सोडून देऊ नका. रक्कम आणि वेळ पडताळा.

मग शेजारी दोन रकाने करा: गेलेले आणि परत आलेले. जुगाराच्या खात्यात आजच्या घडीला पडून असलेली शिल्लक परत आलेल्यांत धरू नका. ती अजून आपली नाही. तिचा प्रवास बहुतेक वेळा पुढच्या डावाकडे असतो. जुगारासाठीच काढलेली रोकड आठवत असेल तर गेलेल्यांत धरा. दोन रकान्यांतली वजाबाकी म्हणजे तोटा.

त्याला बाराने भागा आणि सगळ्या घराच्या, कर कापण्यापूर्वीच्या मासिक उत्पन्नाशी ताडून बघा. कॅनडातल्या व्यसनविषयक केंद्राने २०२१ मध्ये कमी जोखमीच्या मर्यादा सुचवल्या आहेत: जुगारावर घराच्या करापूर्वीच्या मासिक उत्पन्नाच्या १ टक्क्याहून जास्त नको, महिन्यात ४ दिवसांहून जास्त नको आणि नियमितपणे २ पेक्षा जास्त प्रकारचे जुगार नकोत. तिन्ही मर्यादा एकत्र पाळायच्या असतात. १ टक्क्याच्या आत राहून महिन्यातले वीस दिवस खेळणारा सुरक्षित ठरत नाही. दिवस मोजायला स्टेटमेंटवरच्या तारखांवर खुणा केल्या की झाले. भरणा न करता जुन्या शिलकीवर खेळलेले दिवस मात्र कार्डावर येत नाहीत. ते जुगाराच्या खात्याच्या इतिहासात सापडतात, आणि परवानाधारक चालकाकडे तो मागता येतो.

शेवटी रकमा बाजूला ठेवून फक्त वेळा बघा. पगार जमा झाल्यापासून पहिल्या भरण्यापर्यंत किती तास गेले? मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत किती नोंदी आहेत? एका तासात तीन किंवा अधिक भरणे किती वेळा झाले? आणि त्या दिवसांनंतरच्या आठवड्यात ५४११ ची, म्हणजे किराण्याची रक्कम नेहमीइतकीच होती का?